कसब हातात, दार जॉबरच्या ताब्यात

नागपूरच्या कामगारांचा इतिहास बहुधा 1 जानेवारी 1877 पासून सांगितला जातो. त्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पण गिरणीचे दार कोणासाठी आणि कोणाच्या हातून उघडले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

विदर्भातील महार हा केवळ गावकीची कामे करणारा नव्हता. जाडेभरडे कापड विणणे हा त्याचा जुना धंदा. रसेलच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथातही याची नोंद आहे. गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले, हातमाग थंडावला, आणि ज्या गिरणीने माग बसवला तिच्याच फाटकावर हा विणकर येऊन उभा राहिला. तो हमाली मागायला आला नव्हता. ताणाबाणा जाणणारा कारागीर म्हणून आला होता.

परंतु फाटकावर कसबाची किंमत नव्हती. त्या काळी कापडगिरण्यांत भरती जॉबरच्या हाती असे. तोच कामाला लावी, तोच शिकवी आणि तोच काढून टाकी. आधी आलेला नातलग किंवा गाववाला नवख्याला त्याच्यापुढे उभा करी. वाट दाखवणारा जॉबर आणि त्या वाटेवर दस्तुरी उकळणाराही जॉबरच! ज्याचे आत कोणी नाही, त्याचे कसबही बाहेरच राहिले.

मुंबईत तर अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. तेथे कोणता ओळखीचा माणूस कामी येणार? 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

नागपूर भागातील आपल्या कार्यकर्त्यांनीही हे ओळखले होते. मोहपा गावचे किसन फागूजी बनसोडे यांनी 1918 साली ‘मजूर पत्रिका’ काढली. कामठीला बाबू हरदासांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. या माणसांनी कामगाराला जॉबरच्या ओळखीकडून हक्काच्या भाषेकडे नेले. खरे मार्गदर्शन ते हेच.

जॉबरच्या हातून भरती काढून घ्यावी, असे शाही मजूर आयोगाने 1931 साली सुचवले. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्यात 1945 मध्ये सेवायोजन कार्यालये उभी राहिली. प्रथम ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी होती, पुढे सर्वांसाठी खुली झाली. कसबाची नोंद करणारी सरकारी खिडकी निघाली, ही लहान गोष्ट नव्हती. पण 1959 च्या कायद्याने मालकावर रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन घातले, त्या कार्यालयामार्फत भरण्याचे नाही. दार पुन्हा मालकाच्या मर्जीवर राहिले.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली. तरीही आज आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन खेड्यातून आलेला मुलगा नागपुरात विचारतो, “तिथं आपलं कोणी आहे का?” त्याला हात देणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र एकाला आत पोचवून आपण थांबलो, तर आपणही नवे जॉबरच ठरू. त्याला हा प्रश्नच पडू नये, यासाठी लढले पाहिजे.