पत्र एक, नावे हजार

मेल मर्ज म्हणजे एक मजकूर आणि एक नावांची यादी यांच्यातून प्रत्येकाच्या नावाचे वेगळे पत्र काढण्याची सोय. वीजबिल, विम्याची पॉलिसी, पगाराची स्लिप अशी सॉफ्टवेअर आपोआप तयार करून धाडते ती कागदपत्रे याच कुळातली. न बदलणारा मजकूर एकीकडे आणि बदलणारा दुसरीकडे, ही या कुळाची मूळ फोड. ती संगणकाहून बरीच जुनी आहे.

आधी सुटले ते पत्त्यांचे काम. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटी इथे जोसेफ डंकन यांनी १८९२ च्या सुमारास ‘अ‍ॅड्रेसोग्राफ’ बनवले. पहिल्या यंत्रात लाकडी ठोकळ्यावर रबरी अक्षरे चिकटवली होती. पुढे दर माणसामागे एक, पत्ता उठवलेली धातूची पट्टी आली. पट्ट्या ओळीने सरकत आणि लिफाफ्यांवर पत्ते उमटत. पट्टीच्या कडेला खुणेचे टॅब लावले की यंत्र हव्या तेवढ्याच पट्ट्या छापी, बाकीच्या वगळी. वर्गणी थकलेल्यांनाच स्मरणपत्र पाठवायचे, तर यादी हाताने चाळायला नको.

लिफाफा झाला; आतले पत्र मात्र छापील दिसे. ते खास आपल्यासाठी टाइप केले आहे असे वाचणाऱ्याला वाटावे, ही व्यापाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची गरज. शिकागोचा ‘ऑटो-टायपिस्ट’ त्यासाठीच होता. आपोआप वाजणाऱ्या पियानोप्रमाणे भोके पाडलेली कागदी गुंडाळी हवेच्या दाबाने टाइपरायटरच्या कळा दाबी. नावाची जागा आली की यंत्र थांबे, टायपिस्ट नाव टाइप करी, बटण दाबी आणि शेजारच्या यंत्राकडे वळे. एक बाई अशी तीन-चार यंत्रे सांभाळी. वैयक्तिक पत्राचा हा देखावाच होता, पण तो खपला.

१९६४ साली आयबीएमने चुंबकीय फितीवर चालणारा टाइपरायटर आणला. त्याच्या दोन फितींच्या प्रकारात एका फितीवर पत्र, दुसरीवर नावे-पत्ते. त्यामुळे मधल्या थांब्यावरची टायपिस्टही लागेना. १९७६ मध्ये ग्राहकांकडे पोचलेल्या आयबीएम ३८०० या लेझर प्रिंटरने कोऱ्या कागदावर आकडे आणि फॉर्मच्या रेघा एकदमच छापल्या. आधीपासून छापून घेतलेल्या फॉर्मचे गठ्ठे बाळगण्याची गरज कमी झाली.

‘मेल मर्ज’ हे नाव रुळले ते वर्डस्टारमुळे. १९७८ मध्ये निघालेल्या या सॉफ्टवेअरला ‘मेलमर्ज’ नावाची वेगळी विकली जाणारी जोड होती. पत्राच्या वर टिंबाने सुरू होणाऱ्या दोन आज्ञा असत: एक यादीची फाइल सांगणारी, दुसरी त्यातले रकाने क्रमाने सांगणारी. मजकुरात रकान्याचे नाव दोन ‘अँड’ चिन्हांच्या मध्ये लिहायचे. यादीतले रकाने स्वल्पविरामाने तोडलेले असत, आणि घोटाळा इथेच होई. पत्त्यातच स्वल्पविराम आला की पुढचा प्रत्येक रकाना एक घर सरके आणि पिनकोडाच्या जागी गाव बसे. म्हणून असा पत्ता अवतरणचिन्हांत घालावा लागे. पत्त्याची दुसरी ओळ रिकामी असली तर पत्रात भोक पडू नये म्हणून रकान्याच्या नावापुढे तिरपी रेघ आणि ‘ओ’ अक्षर जोडत. मेल मर्ज म्हणजे नाव चिकटवणे एवढेच समजणाऱ्याने हे पाहावे: कष्टाचा भाग नाव घालण्यात नसतो, नसलेल्या नावाचे काय करायचे हे ठरवण्यात असतो.

इथवर यंत्र कागद तयार करी. तो कोणाकडे जावा हे माणूसच ठरवी. कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या फाइलनेट कंपनीने स्कॅन केलेले कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पडद्यावरच फिरवले. १९९३ मध्ये अशा सॉफ्टवेअरची मानके ठरवायला ‘वर्कफ्लो मॅनेजमेंट कोॲलिशन’ उभी राहिली. त्याच वर्षी अ‍ॅडोबीचे पीडीएफ आले आणि कागद कोणत्याही संगणकावर सारखाच दिसू लागला.

आजच्या वर्कफ्लोत, म्हणजे कागदाच्या ठरवून दिलेल्या वाटेत, हे सारे धागे एकत्र असतात. ठरलेल्या फोल्डरमध्ये माहितीची फाइल पडली की सॉफ्टवेअर ती तपासते, योग्य नमुना निवडते, पीडीएफ बनवते आणि ग्राहकाच्या नोंदीप्रमाणे ईमेलला किंवा छपाईला लावते. पत्ता अर्धवट, रक्कम उणे, नावाचा रकाना कोरा अशा नोंदी बाजूला काढून वेगळ्या यादीत टाकल्या जातात आणि त्या कारकुनाने उघडून दुरुस्त केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.