शेत ते शहर : शाश्वत पुरवठा साखळीचे नियोजन

शेतमालाची काढणी, संकलन, प्रतवारी, वाहतूक, साठवण आणि विक्री यांची परस्परांशी जोडलेली व्यवस्था म्हणजे पुरवठा साखळी. उत्पादकास परवडणारा भाव, ग्राहकास खात्रीचा माल आणि कमीत कमी नासाडी साधली, तरच ती शाश्वत ठरते. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील सुमारे ३३ टक्के वाटा टोमॅटो उत्पादकाच्या, तर ३६ टक्के कांदा उत्पादकाच्या हाती पडतो.

महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समित्यांच्या नियंत्रणाखाली आणला. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. त्यापूर्वी, २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनीची वाट खुली केली होती. किमान १० उत्पादक अशी कंपनी स्थापू शकतात; भाग कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला मत एकच.

तथापि, आडत्या वगळला तरी त्याचे काम उरतेच. तो शेतकऱ्याला हंगामापूर्वी उचल देतो, आलेला माल त्याच दिवशी खपवतो आणि दुय्यम मालालाही गिऱ्हाईक शोधतो. हा भार पेलण्याइतके खेळते भांडवल नसेल, तर थेट विक्रीची योजना पहिल्याच मंदीत कोलमडते.

म्हणून नियोजनाचा आरंभ मागणीपासून व्हावा लागतो. गृहनिर्माण संस्थांची आठवड्याची मागणी आधी नोंदवली, तर मेथी-कोथिंबिरीची पेरणी टप्प्याटप्प्याने करता येते. साठवणही पिकागणिक बदलते : द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास टिकतात, टोमॅटो त्या थंडीत बिघडतो, तर कांद्याला हवेशीर चाळ पुरते. प्रतवारीत मागे पडलेला माल प्रक्रियेकडे वळवणे, हा तोटा आवरण्याचा खात्रीचा मार्ग होय.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने द्राक्ष निर्यातीला टोमॅटो प्रक्रियेची जोड देऊन हेच केले. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग ‘ग्रेपनेट’ प्रणालीत नोंदवावी लागते आणि कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाची तपासणीही होते. मुंबई-पुण्यात विकल्या जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेला अशा नोंदणीची सक्ती नाही. परदेशी ग्राहकासाठी उभारलेली ही शिस्त घरच्या ग्राहकापर्यंत पोहोचवणे, हा या साखळीचा अपुरा राहिलेला दुवा आहे.