ग्राफाइटवरचा थेंब आणि ८६ अंशांचा आकडा

न्यायशास्त्रातली ‘उपाधी’ ही कल्पना तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. जिथं धूर तिथं अग्नी, हे खरं. पण उलटं, जिथं अग्नी तिथं धूर, हे खरं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो सरपण ओलं असल्यामुळं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, आपण गृहीत न धरलेली मधली अट. आज तिचं एक अगदी अलीकडचं उदाहरण बघू. विषय ऐकायला रुक्ष वाटेल: ग्राफीनला पाणी किती चिकटतं, हे संगणकावर कसं काढलं गेलं.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. असे थर एकावर एक रचले की ग्राफाइट, आपल्या पेन्सिलीतलं. २००४ साली मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइट सोलत सोलत हा एकेरी थर मिळवला, आणि २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. पाण्याचा रेणू अशा पृष्ठभागावर येऊन नुसता टेकून राहतो. आत शिरत नाही, रासायनिक बंधही करत नाही. याला अधिशोषण म्हणतात.

पाण्याची एखाद्या पृष्ठभागाशी किती सलगी आहे हे बघायची जुनी रीत सोपी आहे. थेंब ठेवायचा आणि कडेचा कोन मोजायचा, म्हणजे स्पर्शकोन. अळूच्या पानावर थेंब गोटीसारखा राहतो, तिथं कोन मोठा. स्वच्छ काचेवर पसरतो, तिथं लहान. १९४० साली फॉक्स आणि हार्किन्स यांनी ग्राफाइटवर हा कोन मोजला, तो भरला सुमारे ८६ अंश. ग्राफाइटला पाण्याचं फारसं प्रेम नाही, ही समजूत पुढं रूढ झाली ती अशा मोजमापांच्या आधारावर.

आता २००३ सालात या. झ्युरिकच्या ईटीएचमध्ये व्हेर्डर आणि सहकारी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमधलं पाणी संगणकावर हलवून बघत होते. अशा प्रतिमानात तुम्हाला सांगावं लागतं की पाण्यातला ऑक्सिजन आणि पृष्ठभागावरचा कार्बन एकमेकांना किती ओढतात. हा आकडा आणायचा कुठून? त्यांनी ओढ कमीजास्त करत संगणकातल्या थेंबाचा कोन कसा बदलतो ते पाहिलं. मग ज्या ओढीला कोन ८६ अंश येतो ती निवडली. त्यातून एका रेणूची बंधन-ऊर्जा आली ६.३३ किलोज्यूल प्रति मोल. हे त्यांनी उघडपणे, नीट मांडून केलं. लपवाछपवी काही नाही. पण त्यानंतर तो आकडा शेकडो लोकांनी उचलला, आणि उचलताना ८६ अंशही सोबत उचलले.

त्याआधी, १९८० साली, श्रेडर यांनी अतिनिर्वात कक्षात ग्राफाइटवर कोन मोजला होता. तो होता ३५ अंशांच्या आसपास! ८६ कुठं आणि ३५ कुठं! पण रूढ आकडा ढळला नाही. पुढं २०१३ मध्ये पिट्सबर्गच्या एका गटानं साधाच प्रयोग केला: ग्राफाइट ताजं सोललं आणि लगेच थेंब ठेवला. कोन ६४ अंशांजवळ. तोच तुकडा हवेत ठेवला तर कोन चढत चढत नव्वदीकडं गेला. इन्फ्रारेड तपासणीत पृष्ठभागावर हायड्रोकार्बनचा पातळ थर साचत गेल्याचं दिसलं. आपल्या हवेत हे रेणू असतातच. म्हणजे पाण्याला नको होतं ते ग्राफाइट नव्हे, त्यावर बसलेला तेलकट मळ. हीच ती उपाधी.

मग मोजमापावर अवलंबून न राहता थेट इलेक्ट्रॉनांपासून हिशेब करावा, असं कुणी म्हणेल. तोही प्रयत्न झाला, आणि तो तितकाच बोलका आहे. वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये उभ्या केलेल्या घनता-फलन सिद्धांतावर असे बहुतेक हिशेब चालतात. त्याच्या नेहमीच्या रूपांत त्या त्या जागची इलेक्ट्रॉन-घनता आणि तिचा उतार एवढंच विचारात घेतात. पण पाणी ग्राफीनला धरून असतं त्यात मोठा वाटा लंडन यांनी १९३० साली समजावलेल्या बलाचा. एका ठिकाणचे इलेक्ट्रॉन डुलले की दूरचे त्यांच्या तालात डुलतात. जो हिशेब जागच्या जागी बघतो त्याला हे दिसणार कसं? २००८ साली अँटवर्पहून आलेल्या हिशेबात बंधन-ऊर्जा ४७ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघाली. फलन बदललं की उत्तर बदले. कोणतं खरं, हे सिद्धांत स्वतः सांगत नव्हता.

२०१९ साली मायकेलिडीस यांच्या लंडनमधल्या गटानं आणि सहकाऱ्यांनी अधिक महागडे हिशेब केले: क्वांटम माँटे कार्लो, शिवाय आणखी दोन पद्धती, तिघींची गृहीतकं निरनिराळी. उत्तर जुळलं, सुमारे ९९, चूकभूल ६. मीमांसक म्हणतील ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. नैयायिक म्हणतील, नाही, बाहेरून पडताळा हवा. इथं मी नैयायिकांच्या बाजूनं आहे. एका पद्धतीनं कितीही दशांश स्थळं दिली तरी तिच्याच साक्षीवर तिला खरं मानता येत नाही.

आता जुना आकडा याच एककात आणा. ६.३३ किलोज्यूल म्हणजे सुमारे ६६. मूळ तत्त्वांवरून काढलेली ओढ जवळजवळ दीडपट. आणि ९९ हा तर एकाच थराचा आकडा आहे. ग्राफाइटमध्ये खालचे थरही थोडी भर घालतात.

मात्र ९९ वरून थेट थेंबाचा कोन काढता येतो असं समजू नका. पाण्याचे दोन रेणू एकमेकांना याच्या दुपटीहून जास्त धरतात, त्यामुळं थेंबाचा आकार ठरतो तो या दोन ओढींच्या रस्सीखेचीत. व्हेर्डर यांनी कोन आणि ऊर्जा यांचं जे सरळ नातं मांडलं होतं, ते हाताशी आहेच. नवा कोन घेऊन त्याच रेषेवर पुन्हा बिंदू टाकता येतो. कोन मात्र ताज्या सोललेल्या पृष्ठभागावरचा हवा, आणि पृष्ठभाग सोलल्यावर किती वेळानं मोजला तेही लिहिलेलं हवं. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.