दोन पत्त्यांचे लिलाव

शहरातल्या घरांत ‘पत्ते’ म्हटले की बावन्न पानांचा जोड डोळ्यांसमोर येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मात्र ‘पत्ता’ म्हणजे विडी वळावयाचे तेंदूचे पान. या दोन्ही पत्त्यांचे लिलाव होतात, आणि दोहोंतही परीक्षा एकाच गोष्टीची असते : दुसरा बोली चढवीत असता आपण कोठे थांबावे? या दोन लिलावांचा इतिहास आज शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचा आहे.

ब्रिजमध्ये चढाओढीची बोली शिरली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. हिंदुस्थानातील एका एकाकी ठाण्यावर तिघा सनदी अंमलदारांना चौथा गडी मिळेना, म्हणून त्यांनी डमीचा हात लिलावात काढला, अशी आख्यायिका आहे. पुढे १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने ‘फिनलंड’ आगबोटीवरील प्रवासात या खेळास नवे वळण दिले. जेवढे बोलाल तेवढेच डावाच्या हिशेबात धरले जाईल, आणि जो पक्ष ‘व्हल्नरेबल’, म्हणजे जोखमीत, असेल त्याला दंड अधिक, असा नियम झाला. बोली ही नुसती इच्छा न राहता करार बनली.

हा करार मोडणार असे प्रतिपक्षास वाटले, तर तो ‘डबल’ म्हणतो. समजा, जोखमीत असलेल्या प्रतिपक्षाने चार बदाम बोलले आणि ते त्यांना साधणार हे उघड आहे. स्पर्धेच्या हिशेबाने त्यांना ६२० गुण मिळतील. तुम्ही जोखमीत नसता चार इस्पिक बोललात, डबल झाले आणि तीन हात बुडाले, तर दंड ५००. म्हणजे हरूनही १२० वाचले. चौथा हात बुडाला की दंड ८००, आणि १८० पदरचे गेले. सारा शहाणपणा त्या एका हाताच्या अदमासात आहे. डबल नसते, तर चार हात बुडूनही दंड २०० च भरावा लागता. मग बेफाम बोलावयास कोण भ्याला असता? डबलचा आणखी एक उपयोग आहे. प्रतिपक्षाच्या पहिल्याच लहान बोलीवर ते म्हटले, तर तो बहुधा दंडाचा इशारा नसून भिडूला केलेली पृच्छा असते : ‘गड्या, तुझा रंग कोणता?’

आता रानातल्या लिलावाकडे वळू. १९६९ च्या कायद्याने तेंदूच्या व्यापाराचे नियमन महाराष्ट्र सरकारने हाती घेतले. जंगलाचे घटक पाडून त्यांचे लिलाव होऊ लागले. बोलणारा ठेकेदार, विकणारे सरकार. आणि उन्हाळ्यात पहाटे उठून पाने तोडणारी, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फळीवर आणणारी गावकरी कुटुंबे केवळ मजुरीची धनी. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा पट बदलला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूचाही लिलाव स्वतः करू लागल्या. कालचा मजूर आज विक्रेता झाला.

परंतु विक्रेता होणे म्हणजे बाजाराची जोखीम पत्करणे होय. २०१७ च्या हंगामात बोली फार चढल्या. जुलै २०१७ पासून तेंदूपानावर अठरा टक्के जीएसटी बसला (तो सप्टेंबर २०२५ मध्ये पाच टक्क्यांवर आला), आणि २०१८ च्या हंगामात भाव कोसळले. काही ठेकेदारांनी गावांची रक्कम थकविली. तेंदूचा हंगाम पावसापूर्वीच्या थोड्या आठवड्यांचा. पान भिजले की माल गेला. त्यामुळे ऐन वेळी ठेकेदार फिरला, तर गावाला दुसरा शोधावयास सवड नसते.

येथेच दोन लिलावांतील भेद स्पष्ट होतो. ब्रिजमध्ये अतिबोलीचा दंड बोलणाऱ्याच्याच नावावर मांडला जातो. रानात तो बोली न केलेल्या, पाने तोडणाऱ्या कुटुंबावर पडतो. म्हणून ग्रामसभेच्या हाती एक डबल असावयास हवे, आणि ते म्हणजे पुरेशी अनामत व माल उचलण्यापूर्वी रक्कम देण्याची लेखी अट. ज्याची बोली पोकळ असेल, तो अशा अटीपुढे आपोआप थांबतो. भिडूला विचारण्याचा मार्गही तेथे सापडला आहे. कोरची तालुक्यात गावोगावच्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभारली, ती एकमेकींच्या सल्ल्याने चालावे म्हणूनच.

सर्वांत चढी बोली ती सर्वांत चांगली, हा समज टेबलावरही फसवितो आणि रानातही. बोलीचा आकडा ऐकताना, ती पुरी करावयाचे बळ बोलणाऱ्याच्या हातात आहे की नाही, हे आधी पाहावे. टेबलावर हा अदमास चुकला, तर पुढचा डाव लगेच वाटला जातो. फळीवर चुकला, तर पुढचा डाव वर्षानंतर येतो. आणि मधला पावसाळा त्या घरांना काढावाच लागतो.