पालीची घंटा आणि नाताळ

दिवाळी सरली की नाताळचे वेध लागतात. ‘नाताळ’ हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला आहे की, तो पोर्तुगीजांचा आहे व त्याचा अर्थ केवळ ‘जन्म’ एवढाच, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. त्यांची आणखी एक वस्तू आपल्या मुलखात राहिली आहे आणि ती पाहावयास आम्हां लोधिवलीकरांना फार लांब जावे लागत नाही. खोपोलीवरून पालीची वाट धरावी. तेथे बल्लाळेश्वराच्या देवळात एक भली मोठी युरोपीय घडणीची घंटा आहे.

चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. त्या मोहिमेत हाती आलेल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळोदेवळी पोहोचल्या. नाशकास गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर आहे तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरी एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियामाता उठावाने दाखविली आहे. विजयाचा अभिमान कोणास नाही? परंतु घंटा म्हणजे तोफ नव्हे. ती मुळात कशासाठी ओतली होती, हेही पाहावयास हवे.

या घंटा अठराव्या शतकाच्या आसपासच्या. पण त्यांच्यामागचा आचार मध्ययुगातला. त्या काळी युरोपात घंटा टांगण्यापूर्वी बिशप ती पवित्र पाण्याने धूत, तिला तेल लावीत. तिला संताचे नाव मिळे. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. आपणही पूजेच्या आरंभी घंटेला गंधफूल वाहतो, हे आठवले म्हणजे तो विधी परका वाटत नाही. पुढे सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा वाजविण्याची चाल पडली. शेतातला माणूस काम थांबवून हात जोडी. देवदूताने मरियेला पुत्र होणार असल्याचे सांगितले, त्या क्षणाचे ते स्मरण. त्या निरोपाचा सण २५ मार्चला. तेथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर. नाताळ वर्षातून एकदाच येई. त्याची वर्दी मात्र घंटा रोज तीनदा देई.

आणि वर्दी कसली? देव गरिबाघरी आल्याची. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तीत गवत घातले, बैल नि गाढव आणून उभे केले. देव महालात नव्हे, गुरांच्या गोठ्यात जन्मला, हे साध्या शेतकऱ्यालाही डोळ्यांनी दिसावे, हा हेतू. हीच जन्मकथा फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून मराठी ओव्यांत सांगितली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले.

आता पालीची कथा पाहा. येथे गणपती धावला तो कोणा राजासाठी नव्हे. रानात दगड मांडून पूजा करणाऱ्या आणि त्यापायी बापाचा मार खाऊन झाडाला बांधल्या गेलेल्या बल्लाळ नावाच्या पोरासाठी तो आला, आणि त्या पोराचेच नाव त्याने घेतले. एका बाळाची वर्दी देणाऱ्या घंटांपैकी एक, लढाईच्या वाटेने का होईना, लेकराच्या देवापाशी येऊन पोहोचली.

म्हणून सारेच गोड झाले, असे मी म्हणणार नाही. घंटा उतरली तेथला मनोरा मुका झाला. किल्ल्यातील पोर्तुगीजांना सुखरूप जाण्याची मुभा मिळाली व ते गेले. वसईचे ख्रिस्ती शेतकरी मात्र या मातीतलेच. ते येथेच राहिले, येथलीच बोली बोलत राहिले. वसईच्या विजयाचा पोवाडा ऐकताना त्यांचीही आठवण आपण ठेवली पाहिजे.

वाचकहो, यंदा पालीला जाल तेव्हा त्या घंटेपाशी क्षणभर थांबा. पुढे नाताळच्या रात्री वसईत घंटा वाजतील. त्या कोणत्या बातमीसाठी वाजतात, हे आपल्या लेकरांना अवश्य सांगा.