मेंटेनर : मुक्तस्रोत प्रकल्पाचा राखणदार

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये इतरांनी सुचवलेले बदल तपासून स्वीकारणारा व नवी आवृत्ती प्रसिद्ध करणारा तो मेंटेनर. लहान प्रकल्पांत या पदाला नेमणूकपत्र नसते, बहुधा वेतनही नसते. चुका दुरुस्त करून पाठवत राहणाऱ्यावर जुन्या मेंटेनरचा विश्वास बसला, की किल्ल्या त्याच्या हाती येतात.

हा विश्वास किती महाग पडू शकतो, हे ‘एक्सझेड युटिल्स’ने दाखवले. फायलींचे आकारमान घटवणारा हा छोटा प्रकल्प लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असतो. लासे कोलिन तो अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२१ पासून ‘जिआ टॅन’ या नावाने उपयुक्त दुरुस्त्या येऊ लागल्या. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी कामाच्या संथपणावरून कोलिन यांच्यामागे लकडा लावला. हा बिनपगारी छंद आहे, याची आठवण त्यांना करून द्यावी लागली. पुढे जिआ टॅन सह-मेंटेनर झाला आणि फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा दडवला गेला. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला. २९ मार्च रोजी त्यांनी तो जाहीर केला. तोवर ही आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोहोचली होती. प्रकल्पाच्या किल्ल्या पुन्हा कोलिन यांच्याकडेच आल्या.