आखूड नळीचे कोडे : भारतीय कार्बाइनचा इतिहास

३० डिसेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाइनच्या खरेदीचा करार केला. रक्कम सुमारे २,७७० कोटी रुपये, म्हणजे साहित्यासह एका नगामागे साधारण पासष्ट हजार. पुण्याची भारत फोर्ज आणि ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरला कारखाना असलेली पीएलआर सिस्टिम्स अशा दोन कंपन्यांकडे हे काम गेले. उपग्रह आणि क्षेपणास्त्रे घडवणाऱ्या देशाला हातभर लांबीच्या शस्त्रासाठी इतकी वर्षे का लागली, असा प्रश्न त्यानंतर साहजिकच विचारला गेला. ‘लालफीत’ हे त्याचे नेहमीचे उत्तर, आणि ते खोटे नाही. पण अर्धे उत्तर काडतुसात दडलेले आहे.

कार्बाइन म्हणजे मूळची घोडेस्वाराची आखूड बंदूक. जुन्या मराठीतली ‘कराबीन’ तीच. घोडा गेला तरी गरज उरली. खंदकाच्या वळणावर, घराच्या दारात, रणगाड्याच्या पोटात लांब नळी अडते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच युद्धात भारतीय सैनिकाच्या हाती या कामासाठी ब्रिटिश स्टेनगन होती. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेराजवळच्या तैनधार येथे नाईक जदुनाथ सिंग यांच्या चौकीतले सारे सहकारी पडले किंवा जायबंदी झाले, तेव्हा ते स्टेनगन चालवत एकटेच शत्रूवर धावून गेले. हल्ला मोडला, ते मात्र धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. त्याच वर्षी जुलैत तिथवालला हवालदार मेजर पीरू सिंग यांच्याही हाती स्टेनच होती. या शस्त्राच्या पेटीत गोळ्या दोन रांगांत बसत आणि तोंडाशी एका रांगेत येत. तिथे त्या हमखास अडकत. म्हणून अनुभवी सैनिक ३२ गोळ्यांच्या पेटीत दोन-चार कमीच भरत. अशा बेभरवशाच्या शस्त्रानिशी ती माणसे पुढे गेली, हे त्यांच्या शौर्याची गाथा सांगताना सहसा सांगितले जात नाही.

तिची जागा घेणारी स्टर्लिंग ही जॉर्ज पॅचेट यांची रचना. १९५३ साली ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली आणि पुढे परवान्याने ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनू लागली. ३४ गोळ्यांची वक्र पेटी, गोळ्या सरकवायला रूळ, बोल्टवर धूळ खरवडून बाहेर लोटणाऱ्या तिरप्या कडा : स्टेनचे बहुतेक रोग तिने बरे केले. यंत्रणा मात्र तीच साधी राहिली. चाप ओढला की जड बोल्ट पुढे धावतो, काडतूस नळीत ढकलतो आणि उडवतो. स्फोटाचा मागचा धक्का बोल्टचे वजनच सोसते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसाचा दाब कमी असल्यामुळेच हे जमते.

आणि तिचा अंतही याच काडतुसाने केला. साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३९० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा ५७० ज्यूलच्या आसपास भरते. अंगावर चिलखती जाकीट नसलेल्या शत्रूसाठी ती पुरेशी होती. केव्हलारचे मऊ जाकीट अशी गोळी अडवते. उलट ५.५६ × ४५ मिलिमीटरच्या रायफलच्या काडतुसातली गोळी जेमतेम चार ग्रॅमची, पण पूर्ण लांबीच्या नळीतून ती सेकंदाला नऊशे मीटरहून अधिक वेगाने सुटते आणि सोळाशे-सतराशे ज्यूल घेऊन जाते.

मग रायफलचेच काडतूस आखूड शस्त्रात का घालू नये? इथे भौतिकशास्त्र आडवे येते. त्या काडतुसातली दारू लांब नळीच्या हिशेबाने भरलेली असते. नळी कापली की वायूंचा दाब पुरता वापरला जाण्याआधीच गोळी बाहेर पडते. वेग घटतो, आणि उरलेली ऊर्जा नळीच्या तोंडाशी ज्वाळा आणि कानठळ्या होऊन फुटते. अंधाऱ्या खोलीत तीच ज्वाळा गोळी झाडणाऱ्याचे डोळे दिपवते. शिवाय हलकी नळी लवकर तापते. १३ जुलै २००८ रोजी अफगाणिस्तानात वनात येथील चौकीवर तालिबानने हल्ला केला. त्या लढाईत नऊ अमेरिकी सैनिक ठार झाले. सतत मारा करताना एम-४ कार्बाइन तापून बंद पडल्याचे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले.

पुण्याच्या ‘एआरडीई’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आखलेल्या ‘इन्सास’ कुटुंबात रायफल आणि लाइट मशीनगनबरोबर कार्बाइनही अभिप्रेत होती. पहिली दोन सैन्यात आली, कार्बाइन आली नाही. पुढे प्रयोगशाळेने वेगळी वाट धरली : काडतूसच लहान करायचे. ५.५६ × ३० मिलिमीटरचे हे काडतूस आखूड नळीला जुळणारे, सौम्य धक्क्याचे. त्याभोवती घडलेली ‘जेव्हीपीसी’ सुमारे तीन किलो वजनाची, वायूच्या दाबावर चालणारी, मिनिटाला सातशेहून अधिक गोळ्यांचा वेग असलेली आणि एका हातानेही चालवता येणारी. ती कानपूरला बनते, तिचे काडतूस पुण्याजवळच्या खडकीत. ७ डिसेंबर २०२० रोजी सैन्याच्या चाचण्यांचा अंतिम टप्पा ती सर्व निकषांवर उत्तीर्ण झाली. रचना म्हणून ती या साऱ्या प्रवासातली सर्वांत विचारी म्हणावी लागेल.

दरम्यान आयातीचे प्रयत्न होतच होते. २०१८ मध्ये सुमारे ९४ हजार कार्बाइनसाठी संयुक्त अरब अमिरातीच्या कॅराकल कंपनीची निवड झाली. २०२० मध्ये तो व्यवहार बारगळला. तोवर काश्मीरच्या गल्ल्यांत कार्बाइनचे काम एके-४७ करत होती. जुलै २०२२ मध्ये सुमारे चार लाख स्वदेशी कार्बाइनच्या खरेदीला तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि त्यातून आताचा करार झाला. त्यात भारत फोर्ज जे शस्त्र बनवणार आहे, त्याची रचना ‘एआरडीई’चीच, पण काडतूस मात्र पुन्हा ५.५६ × ४५ चे पूर्ण लांबीचे.

या निवडीमागचा विचार समजण्याजोगा आहे. शेजारच्या रायफलधाऱ्याची गोळी आपल्या कार्बाइनला चालली, तर लढाईत पुरवठा सोपा होतो आणि काडतुसांचा वेगळा कारखाना पोसावा लागत नाही. अडचण अशी, की ती रायफल म्हणजे इन्सास, आणि इन्सास आता निवृत्तीच्या वाटेवर आहे. तिच्या जागी अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणाऱ्या एके-२०३ रायफली येत आहेत. त्यांचे काडतूस ७.६२ × ३९ चे आहे. नवी कार्बाइन पलटणीत पोहोचेल, तेव्हा अनेक तुकड्यांत तिच्या गोळ्यांची पेटी वेगळीच वाहावी लागेल.